पाप, इच्छा आणि देवाचा न्याय : आठ आठवडे भांडायला शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू

आधीच सांगते, कोर्स कोणाचा ते नाव लिहिणार नाहीये, कारण खाली थोडी धुलाई आहे आणि मला उगाच कटकट नको. विषय ख्रिस्ती धर्मातलं पाप, माणसाची स्वतंत्र इच्छा आणि देवाचा न्याय, आठ आठवडे, दर आठवड्याला दोन व्हिडिओ, वाचायला एक जाडजूड पीडीएफ आणि शनिवारी दोन तास लाइव्ह वाद. वाद म्हणजे खरोखर वाद, प्रत्येकाला एक बाजू देतात आणि ती पूर्ण आठ आठवडे लढवायची, पटो न पटो.

मी लहानपणापासून चर्चला जाणारी. संडे स्कूलमध्ये एकदा विचारलं होतं की देवाला आधीच माहीत होतं ना आदाम फळ खाणार, मग झाड लावलंच कशाला, तर बाई म्हणाल्या असले प्रश्न विचारू नयेत आणि पुढचं गाणं सुरू केलं. तीस एक वर्षं तो प्रश्न तसाच पडून होता. जाहिरातीत "असले प्रश्न" विचारायला मोकळीक आहे असं लिहिलं होतं, म्हणून लगेच नाव नोंदवलं.

बाजू सॉफ्टवेअर ठरवतं. बटण दाबायचं, चाक फिरतं आणि नाव येतं. मला आला कॅल्व्हिन, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक. म्हणजे कोण तरणार आणि कोण नाही हे देवानं जग घडवायच्या आधीच ठरवलं म्हणणारा माणूस. मी सपोर्टला मेल केला की बाजू बदलून मिळेल का, तर उत्तर आलं की नियुक्ती अंतिम आहे. हसू आवरेना, कारण कॅल्व्हिनची बाजू मला बरोब्बर कॅल्व्हिनच्या पद्धतीनं मिळाली होती, मला न विचारता.

पहिला आठवडा ऑगस्टिनवर, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती विचारवंतावर होता आणि खरं सांगायचं तर तेवढ्या एका आठवड्यासाठीसुद्धा कोर्स घ्यावा. शिकवणारे सर म्हातारे, कॅमेऱ्याकडे न बघता बोलणारे, पण विषय मुरलेला. त्यांनी सुरुवात केली पेरांच्या चोरीपासून. ऑगस्टिन सोळा वर्षांचा असताना पोरांच्या टोळक्याबरोबर रात्री शेजारच्या झाडावरची पेरं पाडून आणली, आणि ती खायला नव्हे, डुकरांना टाकायला. त्याच्याकडे घरी ह्याहून चांगली पेरं होती. नंतर बिशप झाल्यावर तो ह्या एवढ्याशा गोष्टीवर पानंच्या पानं लिहितो, कारण त्याला छळणारा प्रश्न हा की मी ते केलंच का? भूक नव्हती, गरज नव्हती, चव पण धड नव्हती. आणि शेवटी म्हणतो की एकटा असतो तर केलं नसतं.

सरांनी इथे थांबून विचारलं, तुमची पेरं कोणती? मी पॉज केला. मला आठवलं की शाळेत मैत्रिणीची नवी कोरी वही मी फाडून ठेवली होती. तिच्यावर राग नव्हता, ती वही मला नको होती, आणि आजही कोणी विचारलं का फाडलीस तर उत्तर नाही. तर पाप म्हणजे नियम मोडणं असं जे डोक्यात बसलेलं असतं ना, ते पहिल्याच व्हिडिओत सुटलं. ऑगस्टिनचा मुद्दा नियमाचा नाहीच, इच्छा आतूनच वाकडी आहे आणि ती स्वतःला सरळ करू शकत नाही असा आहे.

मग पेलेजियस. हा ब्रिटनचा साधक, रोममध्ये राहणारा, वागायला अगदी कडक. ऑगस्टिनची एक प्रार्थना आहे की तू आज्ञा करतोस ते करायची ताकद दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. ती ऐकून पेलेजियस भडकला. त्याचं म्हणणं सरळ होतं, देव जे जमणारच नाही ते सांगेल का? सांगितलंय म्हणजे जमतं, आणि जमत असून करत नाही म्हणजे दोष तुझा. ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेनं त्याची शिकवण धुडकावली, ४३१ मध्ये इफिससलाही तेच. (कॅप्शन ऑटोमॅटिक होती आणि पूर्ण व्हिडिओभर पेलेजियसचा "प्लेजियरिस्ट" झाला होता, बिचाऱ्याला सोळाशे वर्षांनी वाङ्मयचोर पण ठरवलं.)

मला आधी वाटायचं की पेलेजियस म्हणजे प्रेमळ, माणसावर विश्वास असलेला, आणि ऑगस्टिन म्हणजे खडूस. वाचल्यावर उलटंच वाटायला लागलं. पेलेजियसच्या जगात व्यसनी माणसाला सुटकाच नाही, कारण तुला जमत होतं, तू केलं नाहीस, विषय संपला. ऑगस्टिन निदान म्हणतो की बाबा, हे तुझ्या एकट्याच्या हातातलं नाही. पण मग तोच ऑगस्टिन जेव्हा म्हणतो की बाप्तिस्म्याआधी मेलेलं तान्हं बाळही दोषी, त्याला शिक्षा सगळ्यांत सौम्य पण शिक्षाच, तेव्हा पीडीएफ बंद करून खोलीत फेऱ्या मारल्या मी.

दुसरा आठवडा आदिपाप, म्हणजे आदामाच्या पापाचं बाकी सगळ्या माणसांवर काय आलं ते. ह्यावर जरा सविस्तर लिहिते कारण पुढची तक्रार इथलीच आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात बारावं वचन आहे, एका माणसामुळे पाप जगात आलं, पापामुळे मरण, आणि मरण सगळ्यांपर्यंत पोचलं... इथून पुढच्या ग्रीक शब्दांचा साधा अर्थ "कारण सगळ्यांनी पाप केलं" असा लागतो. ऑगस्टिनसमोर होतं लॅटिन भाषांतर, त्यात ते "ज्याच्यामध्ये सगळ्यांनी पाप केलं" असं वाचता येत होतं, म्हणजे आदामाच्या आत आपण सगळे होतो आणि तेव्हाच दोषी ठरलो. अर्थात त्याचा सगळा सिद्धांत काही ह्या दोन-तीन शब्दांवर उभा नाही, पण आधार मोठा होता. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं हा रस्ता धरलाच नाही, त्यांच्या मते आदामाकडून आपल्याला मरण आणि कमकुवतपणा मिळाला, त्याचा गुन्हा नाही. आणि कॅथलिकांचं १९९२ चं अधिकृत धर्मशिक्षणाचं पुस्तकही सांगतं की आदिपाप हे आदामाच्या वंशजांचा वैयक्तिक दोष नाही, ते केलेलं नसतं, लागलेलं असतं.

केलेलं नव्हे, लागलेलं. हे मराठीत किती छान बसतं बघा. आपण रोग लागला म्हणतो, नाद लागला म्हणतो, पण पाप मात्र कायम "केलं". म्हणून आदिपाप शब्द ऐकला की आपलं डोकं आधी विचारतं, कोणी केलं, कधी केलं, मी तर नव्हते तिथे. शिवाय आपल्याकडे लगेच मागच्या जन्माचा हिशोब मनात येतो आणि घोळ होतो, कारण तिथे हिशोब निदान तुझाच असतो, इथे खातंच दुसऱ्याचं.

बायबलमध्येही ह्यावर एकच आवाज नाही. निर्गमात दहा आज्ञांच्या मधोमध आहे की बापाच्या अपराधाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांना शासन, आणि यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात संदेष्टा म्हणतो, बापानं आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले ही म्हण आता बंद करा, जो पाप करील तोच मरेल. सरांनी ही दोन्ही वचनं शेजारी शेजारी स्क्रीनवर ठेवली आणि काही न बोलता वीस-पंचवीस सेकंद तशीच राहू दिली. आवडलं मला ते.

आता क्विझ. दुसऱ्या आठवड्याच्या क्विझमध्ये प्रश्न, "ख्रिस्ती श्रद्धेनुसार आदिपाप म्हणजे काय?" चार पर्याय. मी निवडलं, मरण आणि दुर्बलता वारशानं येते, व्यक्तिगत दोष येत नाही. लाल फुली. बरोबर उत्तर म्हणे, आदामाचा अपराध प्रत्येकाच्या नावावर जमा होतो. अरे, तुमच्याच व्हिडिओत चाळीस मिनिटं खपून सांगितलंत की ह्यावर चर्चमध्ये एकमत नाही, आणि क्विझ बनवणाऱ्यानं तो व्हिडिओ बघितलाच नाही? प्रश्नात "कॅल्व्हिनच्या मते" एवढे दोन शब्द टाकले असते तरी चाललं असतं. सपोर्टला लिहिलं, उत्तर आलं "आपला मुद्दा नोंदवला आहे". नोंदवून काय झालं ते पुढे सांगते.

तिसरा आठवडा फारोचा, म्हणजे इस्राएली लोकांना न सोडणाऱ्या मिसरच्या राजाचा, आणि इथला गृहपाठ मी अजून चार जणांकडून करून घेतलाय. निर्गमाचे चौथ्यापासून चौदाव्यापर्यंतचे अध्याय घ्यायचे, तीन रंगांचे पेन घ्यायचे. फारोनं स्वतः आपलं मन कठीण केलं तिथे निळा, देवानं कठीण केलं तिथे लाल, आणि नुसतंच "कठीण झालं", कोणी केलं ते सांगितलेलं नाही, तिथे हिरवा. एवढंच. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रिंट पसरून बसले आणि रंग दिसायला लागले. चौथ्या अध्यायातच देव सांगून ठेवतो की मी त्याचं मन कठीण करीन, म्हणजे सुरुवातीलाच एक लाल ठिपका. पण पीडा प्रत्यक्ष सुरू झाल्यावर आधी हिरवा आणि निळा, हिरवा आणि निळा, आणि देवानं कठीण केलं असं पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेला, गळवांच्या वेळी. त्यानंतर लाल वाढत जातो. ज्यांना स्वतंत्र इच्छा वाचवायचीय ते म्हणतात बघा, आधी त्यानं स्वतः दार लावलं, देवानं नंतर फक्त कडी घातली. आणि माझ्या बाजूचे म्हणतात, तो पहिला लाल ठिपका कुठे जातो मग?

शनिवारी मी तो ठिपकाच लावून धरला. समोर आर्मिनियसची, म्हणजे कॅल्व्हिनच्या विरोधात माणसाच्या इच्छेला जागा ठेवणाऱ्याची, बाजू घेतलेला एक इंजिनियर होता, हुशार, जरा जास्तच. तो म्हणाला आधी सांगणं म्हणजे घडवणं नव्हे, मला माहितीये उद्या सूर्य उगवणार म्हणून मी त्याला उगवत नाही. मी म्हटलं, देव "मला माहितीये" म्हणत नाहीये, "मी करीन" म्हणतोय. तो दोन सेकंद गप्प. खरं सांगू का, मला त्या क्षणी एवढा आनंद झाला की मी विसरूनच गेले की मी जे जिंकत होते ते मला मान्यच नाही.

हीच ह्या कोर्सची खरी गंमत आहे. आपली बाजू असेल तर आपण पाट्या टाकतो, चार ठरलेली वाक्यं बोलतो. नको असलेली बाजू मिळाली की आधी ती समजून घ्यावी लागते, नाहीतर समोरचा धुऊन काढतो. मी कॅल्व्हिन पहिल्यांदा नीट वाचला. एरवी त्याच्या नावावर खपवतात ती पाच कलमं त्यानं लिहिलेली नाहीतच, ती १६१८-१९ च्या हॉलंडमधल्या डॉर्टच्या सभेत ठरली, तो मेल्यावर पन्नासेक वर्षांनी, आणि तीही आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये मांडलेल्या पाच मुद्द्यांना उत्तर म्हणून. आणि स्वतः कॅल्व्हिन देवाच्या त्या ठरावाबद्दल लिहितो की हा ठराव भयंकर आहे, मी कबूल करतो. हे वाक्य मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं हा माणूस थंड डोक्यानं माणसं नरकात पाठवतोय. त्याला भीती वाटत होती, तरी वचनात दिसतंय म्हणून तो मागे हटला नाही.

चौथा आठवडा विद्वान इरॅस्मस आणि धर्मसुधारक ल्यूथर ह्यांच्या वादाचा, म्हणजे त्यांची १५२४ आणि १५२५ ची पुस्तकं. इथे व्हिडिओ घाईत उरकलेत, पण दोन चित्रं लक्षात राहिली. इरॅस्मस म्हणतो, चालायला शिकणारं पोर आहे, बाप समोर सफरचंद दाखवतो, पोर पुढे झेपावतं, पडायला लागलं की बाप धरतो, आणि शेवटी सफरचंद त्याच्याच हातात देतो. चाललं पोरच, पण बाप नसता तर कुठे पोचलं असतं? ल्यूथरचं चित्र एकदम दुसरं, माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर, देव स्वार झाला तर देव नेईल तिकडे, सैतान झाला तर सैतान नेईल तिकडे, आणि स्वार निवडायचा अधिकार जनावराला नाही. सफरचंद आणि खोगीर. सगळा वाद ह्या दोन चित्रांत मावतो आणि तरी मिटत नाही. ल्यूथरनं इरॅस्मसचे आभार मानले होते की बाकीचे पोप आणि पर्गेटरीवरून (मेल्यावर आत्मा शुद्ध होतो ती जागा) डोकं खातात, तू निदान मुद्द्याच्या मुळाला हात घातलास. आभार मानून झाल्यावर मात्र त्याला असला झोडपलाय की विचारू नका.

पाचवा आठवडा देवाच्या पूर्वज्ञानाचा. सहाव्या शतकातला तत्त्वज्ञ बोएथियस, त्याचं म्हणणं की देव भविष्य "आधी" बघतच नाही, त्याला सगळा काळ एकदमच समोर आहे, आणि मी तुला बसलेलं बघतोय म्हणून काही मी तुला बसवलेलं नाही. मग जेझुइट धर्मशास्त्रज्ञ मोलिना, १५८८, देवाला हेही माहीत असतं की कुठला माणूस कुठल्या परिस्थितीत स्वतःहून काय करील. ह्यावरून जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन कॅथलिक संन्यासी संघ एवढे भांडले की पोपनं नेमलेल्या समितीपुढे दहा वर्षं खटला चालला आणि १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलनं निकाल काय दिला, तर निकालच दिला नाही! दोघांनी एकमेकांना पाखंडी म्हणायचं बंद करा, घरी जा. मला हा चर्चच्या इतिहासातला सगळ्यांत शहाणा निर्णय वाटतो. बाकी हा आठवडा रटाळ आहे, दीडपट स्पीडवर बघा, काही बिघडत नाही.

आता सहावा. देवाचा न्याय, आणि जगातलं दुःख.

व्हिडिओ उत्तम आहेत, त्यात वाद नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली, आणि लिस्बनला भूकंप. लायबनिझनं १७१० मध्ये मांडलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हे सर्वोत्तम आहे, त्यावर व्होल्तेअरनं नंतर टिंगलीचं पुस्तक लिहिलं. मग विसाव्या शतकातले तत्त्वज्ञ. मॅकी १९५५ मध्ये विचारतो, देव सर्वशक्तिमान आहे तर जी माणसं स्वतःच्या इच्छेनं दर वेळी चांगलंच निवडतील अशीच का नाही घडवली? प्लांटिंगाचं उत्तर, खरी मोकळीक दिली की कोण काय निवडेल हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही, देव असला तरी. हिक म्हणतो हे जग आरामासाठी नाही, माणूस घडायची शाळा आहे. आणि १९७९ मध्ये रो एक हरणाचं पाडस आणतो, जंगलातल्या वणव्यात होरपळून दिवसेंदिवस तडफडून मरणारं, जिथे बघायला कोणी नाही, शिकायला कोणी नाही, कोणाची इच्छा-बिच्छा मध्ये आलेली नाही. त्या पाडसानं हिकची शाळा जवळजवळ पाडलीच.

शनिवारच्या सत्रात बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. स्क्रीनच्या कोपऱ्यात गोल टायमर, हिरवा, मग पिवळा, शेवटची दहा सेकंदं लाल, आणि शून्य झालं की माइक आपोआप बंद. पाच आठवडे मला ही सोय फार आवडली होती, लांबण लावणारे गप्प होतात.

त्या दिवशी एक बाई बोलायला आल्या. आधीच्या सत्रांत त्या फारशा बोलल्या नव्हत्या, त्यांना ऑगस्टिनची बाजू मिळाली होती. सुरुवात मुद्द्यांवरच केली, आदिपाप, बाप्तिस्मा, वगैरे. मग कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, माझं बाळ चार दिवसांचं होतं, बाप्तिस्मा व्हायचा होता, आणि मला आठ आठवडे ऑगस्टिनच्या बाजूनं बोलायला सांगितलंय, तर मला विचारायचंय की... आणि टायमर लाल झाला. त्या बोलत राहिल्या. शून्य झालं, माइक बंद झाला. त्यांना ते कळलं नाही. पुढची पाच-सात सेकंदं आम्ही वीस जण त्यांचे नुसते ओठ हलताना बघत होतो.

मॉडरेटरनं माइक चालू केला नाही. तो म्हणाला, धन्यवाद, हा मुद्दा भावनिक आहे, आपण तार्किक बाजूकडे परत येऊ, पुढे कॅल्व्हिनची बाजू.

म्हणजे मी.

माझ्यापुढे नोट्स होत्या, बाळांबद्दलच होत्या, कारण हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. कॅल्व्हिनच्या बाजूला खरं तर इथे उत्तर आहे. डॉर्टच्या सभेनं स्वतः लिहून ठेवलंय की श्रद्धावंत आईबापांनी लहानपणीच मेलेल्या आपल्या बाळांच्या तारणाबद्दल शंका घेऊ नये. मुद्दा तयार होता, गुण मिळाले असते. टायमर हिरवा होऊन चालायला लागला. माझ्या डोक्यात तेव्हा बायबलमधल्या ईयोबाचे, सगळं गमावलेल्या त्या माणसाचे, मित्र आले. सगळे त्यांना नावं ठेवतात, पण दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ते येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, कोणी एक शब्द बोलत नाही कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. चुकतात ते तोंड उघडल्यावर. आणि शेवटी देव त्यांनाच म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे ज्यांनी देवाचा बचाव केला ते चुकले आणि ज्यानं देवावर आरडाओरडा केला तो बरोबर.

मी कॅमेरा चालू ठेवला आणि काही बोलले नाही. तीन मिनिटं फार मोठी असतात हो. पिवळा झाला, लाल झाला, संपला. त्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या, मध्ये एकदा वर बघितलं. मॉडरेटर दोनदा म्हणाला, आवाज येत नाहीये, तुमचा माइक तपासा.

सोमवारी गुणपत्रक आलं. सहावा आठवडा, वाद सत्र, शून्य. शेरा : प्रतिसाद दिला नाही.

मी तक्रार केली. गुणांसाठी नाही, ती बाई बोलत असताना माइक बंद झाला आणि चालू करायचं भान कोणाला राहिलं नाही ह्याबद्दल. उत्तर आलं की वेळेचा नियम सर्वांना समान आहे आणि त्यामुळेच वाद न्याय्य राहतो. न्याय्य! द्राक्षमळ्याचा दाखला ह्याच कोर्सच्या सातव्या आठवड्यात आहे, मत्तय विसावा अध्याय, सकाळपासून राबलेल्याला आणि शेवटचा एक तास आलेल्याला सारखीच मजुरी, आणि पहाटेचे मजूर कुरकुर करतात, आणि मालक म्हणतो मी चांगला आहे हे तुझ्या डोळ्यात खुपतंय का? सारखं वागवणं आणि न्यायानं वागवणं ह्यात फरक आहे हे जे शिकवतात त्यांचाच सपोर्ट मला समान नियम सांगतोय. मी हे त्यांना लिहून पाठवलं. त्यावर उत्तर नाही.

सातव्या आठवड्यात मोठ्या भावाची गोष्टही आहे, उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला, परतलेल्या धाकट्याचं बापानं स्वागत केलं म्हणून रागावून घरात न शिरणारा तो. वाचायला एकच पान दिलंय आणि व्हिडिओत जेमतेम उल्लेख. मला तर वाटतं देवाच्या न्यायावरचा सगळ्यांत अवघड प्रश्न तोच विचारतो, आणि गोष्ट संपते तेव्हा तो अजून बाहेरच उभा आहे, आत गेला की नाही ते सांगितलेलंच नाही. इथे अजून एक तास द्यायला हवा होता. त्याऐवजी अकराव्या शतकातल्या अॅन्सेल्म ह्या धर्मशास्त्रज्ञावर दोन व्हिडिओ आहेत. महत्त्वाचं आहे, मान्य, की पाप म्हणजे देवाचं देणं, माणसानं फेडायला हवं पण ऐपत नाही, देवाची ऐपत आहे पण देणं त्याचं नाही, म्हणून देव-माणूस हवा. पण हे पंधरा मिनिटांत होतं, पन्नास कशाला? त्याच आठवड्याच्या पीडीएफमध्ये ओरिजेन आणि निस्साचा ग्रेगरी हे सुरुवातीच्या शतकांतले ख्रिस्ती विचारवंत आहेत, शेवटी सगळेच देवाकडे परततील अशी आशा धरणारे, त्यांना मात्र कोणी विचारत नाही. ते स्वतःहून वाचा, चुकवू नका.

त्याच पीडीएफच्या शेवटी बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांवरचा २००७ चा कॅथलिक धर्मशास्त्र आयोगाचा दस्तऐवज आहे. तो सांगतो की अशी बाळं तरतील अशी आशा धरायला गंभीर कारणं आहेत. खात्रीचं ज्ञान म्हणत नाही, आशा म्हणतो, आणि हा फरक त्यांनी मुद्दाम केलाय. मी ते पान शोधून त्या बाईंना चॅटमध्ये पाठवलं, सोबत काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा मेसेज आला, फक्त विचारलं होतं की पूर्ण दस्तऐवज कुठे मिळेल, त्यांना आधीची पानं पण वाचायची होती. शोधून दिला. आठव्या आठवड्यात त्या आल्या, ऑगस्टिनच्याच बाजूनं बोलल्या, आणि म्हणाल्या की ऑगस्टिन बाळांबद्दल चुकला पण पेरांबद्दल नाही. टायमरवर बारा सेकंद शिल्लक होती. आमच्या बॅचमधलं ते सगळ्यांत चांगलं भाषण होतं, गुण किती मिळाले मला माहीत नाही.

तर पाचपैकी साडेतीन. सरांचे व्हिडिओ आणि फारोचा गृहपाठ पाचला पाच. क्विझला एक, तोही दयेपोटी. लाइव्ह सत्रांचा साचा चांगला आहे पण मॉडरेटर बदला, निदान त्याला माइक कधी चालू करायचा एवढं तरी शिकवा. ऑर्थोडॉक्स बाजू चाकावर येतच नाही, शिकवता तर बाजू म्हणून पण द्या. कोणी घ्यावा? ज्यांना श्रद्धा आहे आणि प्रश्नही आहेत त्यांनी, ज्यांना श्रद्धा नाही पण नुसतं "देव आहे तर दुःख का" म्हणून विषय संपला असं वाटतं त्यांनीही, दोघांचीही दमछाक होईल. नुकतंच कोणी गेलं असेल तर मात्र आत्ता नका घेऊ, व्हिडिओ कुठे पळून जात नाहीत.

आणि हो, ती क्विझ. कोर्स संपल्यावर तीन आठवड्यांनी मेल आला की आदिपापाच्या प्रश्नात दुरुस्ती केली आहे आणि माझा एक गुण वाढला आहे. उघडून बघितलं तर प्रश्न तोच, पर्याय तेच, फक्त आता दोन उत्तरं बरोबर धरलीत. खाली पुढच्या बॅचची लिंक होती. ह्या खेपेला पेलेजियस मिळाला तर परत करीन म्हणते, पण चाक काय माझ्या हातात नाही.